ल्युपस आणि बाईचं हृदय

आरोग्याच्या या सदरात आपण रक्त कमी होणं, थायरॉईड, मधुमेह अशा घरोघरी माहीत असलेल्या दुखण्यांविषयी नेहमी बोलतो. आज जरा अनोळखी नाव घेऊन आलो आहोत, ल्युपस. डॉक्टरांच्या कागदावर ते बहुतेक वेळा 'एसएलई' असं लिहिलेलं असतं. हा आजार फार जणांना होत नाही. पण ज्यांना होतो त्यांतल्या दहापैकी साधारण नऊ बायका असतात. त्यातही बहुतेक जणी पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. शिक्षण, लग्न, बाळंतपण, नोकरी, शेती, सगळं एकदम अंगावर येतं ते हे वय.

ल्युपसमध्ये होतं काय? आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती राखणदारासारखी असते. जंतू आले की ती त्यांच्यावर तुटून पडते. ल्युपसमध्ये या राखणदाराला आपलं-परकं कळेनासं होतं आणि तो घरच्याच माणसांवर काठी उगारतो. म्हणून कुणाचे सांधे दुखतात, कुणाचे केस गळतात, कुणाला उन्हात गेलं की चट्टे उठतात, तर कुणाची किडनी बिघडते. हा आजार एकमेकींच्या ताटात जेवून किंवा कपडे वापरून पसरत नाही, आणि कुणाच्या शापानं तर मुळीच होत नाही.

हा आजार हृदयालाही धरतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा पंप. त्याला बाहेरून पातळ आवरण असतं, आतून अस्तर आणि झडपा असतात, आणि मधला जाड भाग असतो स्नायूचा. रक्त ढकलण्याचं खरं काम हा स्नायू करतो. आवरणाला सूज आली तर छातीत दुखतं. झडपांवर बारीक गाठी आल्या तर त्या नीट मिटत नाहीत. आणि स्नायूलाच सूज आली तर पंपाचा जोर कमी होतो, जिना चढताना किंवा पाण्याची कळशी उचलताना धाप लागते. ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात यायला फार काळ गेला. तो का गेला हे समजलं, तर आपल्या ओळखीच्या बाईला अशी धाप लागल्यावर काय करायचं, तेही समजेल. म्हणून आज आम्ही तुम्हाला या शोधाचा इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात नावापासून करू. 'ल्युपस' हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ लांडगा. मध्ययुगात युरोपातले वैद्य चेहऱ्यावरच्या किंवा पायावरच्या खोल जखमांना हे नाव देत, जणू लांडग्यानं मांस खाल्लं आहे. त्यात पुष्कळ वेगवेगळे रोग मिसळलेले होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ते वेगळे करायला घेतले. लॉरां बिएत आणि त्यांचे शिष्य पिएर काझनाव्ह यांनी तांबूस चट्ट्यांचा एक प्रकार बाजूला काढला, आणि १८५० च्या सुमारास काझनाव्ह यांनी त्याला नाव दिलं 'ल्युपस एरिथेमाटोसस', म्हणजे लाल ल्युपस. त्याच काळात व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी पाहिलं की हा चट्टा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर असा पसरतो की फुलपाखरू बसल्यासारखं वाटतं. ती उपमा आजही डॉक्टर वापरतात. आपल्याकडे कधी कधी याच चट्ट्याला वांग समजून मलमं लावली जातात.

इथपर्यंत ल्युपस हा कातडीचाच रोग होता. तो पाहणारे डॉक्टर कातडीचेच होते, मग त्यांना दिसणारही कातडीच. १८७२ साली हेब्रा यांचे जावई आणि शिष्य मोरिट्झ कापोशी यांनी लिहिलं की काही रुग्णांत चट्ट्यांबरोबर ताप येतो, वजन घटतं, सांधे धरतात, आणि त्यातल्या काही जणी दगावतात. कातडीच्या रोगानं माणूस मरत असेल, तर आत काहीतरी चाललं आहे, हे यातून उघड झालं.

आत काय चाललं आहे हे शोधण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. विल्यम ऑस्लर हे त्या काळचे नावाजलेले वैद्य. १८९५ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी अंगावर चट्टे उठणाऱ्या रुग्णांवर लेख लिहिले. चट्टे येतात आणि जातात, पण त्याबरोबर पोट, फुप्फुस, किडनी आणि हृदयही आजारी पडतं, असं त्यांनी दाखवलं. त्यांच्या सगळ्या रुग्णांना आपण आज ज्याला ल्युपस म्हणतो तोच आजार होता असं नाही. पण कातडीवरून नजर हटवून सगळ्या शरीराकडे पाहायला त्यांनी शिकवलं.

पुढची गोष्ट १९२४ सालची, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातली. इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स या दोन डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत छापली. या चौघांच्या हृदयाच्या झडपांवर चामखिळीसारख्या बारीक गाठी होत्या. त्या काळी झडपा बिघडण्याची दोन कारणं माहीत होती, लहानपणीचा सांधेताप आणि रक्तातला जंतुसंसर्ग. इथे दोन्ही लागू पडत नव्हती. गाठींमध्ये जंतू सापडले नाहीत. काही रुग्णांच्या चेहऱ्यावर चट्टे होते, तरी हा ल्युपसच आहे असं त्यांनी तेव्हा म्हटलं नाही. हृदयाचा एक नवाच विकार म्हणून त्यांनी तो मांडला. आजही त्या गाठींना या दोघांचं नाव आहे.

चट्टे आणि हृदय यांची सांगड घालायला आणखी पंधरा-सोळा वर्षं गेली. माउंट सायनायमध्येच जॉर्ज बेअर, पॉल क्लेम्परर आणि लुई ग्रॉस यांच्यासारख्या डॉक्टरांनी एकेक रुग्ण गोळा करून तपासला. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॉस यांच्या अभ्यासानं लिबमन-सॅक्स यांचा विकार आणि ल्युपस हे एकच आहेत हे पक्कं झालं. हृदयाच्या आवरणात, झडपांत आणि स्नायूत, सगळीकडे त्याच्या खुणा होत्या. १९४२ साली क्लेम्परर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की हा एखाद्या अवयवाचा रोग नाही. शरीरभर अवयवांना जोडून धरणारं जे ऊतींचं जाळं आहे, त्यात हा पसरतो. म्हणूनच एका बाईला तो किडनीत दिसतो आणि दुसरीला हृदयात.

आता एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. हृदयाविषयीचं हे ज्ञान आलं ते बहुतांशी शवविच्छेदनाच्या टेबलावरून. बाई गेल्यानंतर तिचं हृदय उघडून पाहिलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हा कळलं की स्नायूत सूज होती. जिवंतपणी ती धाप लागते म्हणत असेल, छातीत धडधडतं म्हणत असेल, पाय सुजतात म्हणत असेल. पण ताप, अशक्तपणा, कमी रक्त अशी धाप लागण्याची इतर कारणंही तिच्या अंगात होती. त्यांच्यामागे हृदय झाकलं गेलं. हा फरक पुढेही राहिला. ल्युपस असलेल्या शंभरातल्या दहापेक्षा कमी जणींमध्ये स्नायूची सूज डॉक्टरांना जिवंतपणी स्पष्ट दिसते. शवविच्छेदनाच्या जुन्या अभ्यासांत मात्र तिच्या खुणा कितीतरी जास्त रुग्णांत सापडल्या होत्या.

जिवंत माणसात ल्युपस ओळखायचं पहिलं साधन मिळालं १९४८ साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हार्ग्रेव्हज, हेलन रिचमंड आणि रॉबर्ट मॉर्टन हे तिघं हाडांमधला मगज तपासत होते. त्यांना एक विचित्र पेशी दिसली, तिनं दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलं होतं. तिला त्यांनी 'एलई पेशी' म्हटलं. आता चेहऱ्यावर फुलपाखरू नसतानाही तपासणीत ल्युपस सापडू लागला, सौम्य आजार असलेल्या बायकाही ओळखल्या जाऊ लागल्या. पुढच्या दहा वर्षांत रक्तातल्या विरोधी प्रथिनांच्या चाचण्या आल्या. 'एएनए' नावाची जी चाचणी आज डॉक्टर लिहून देतात, तिचं मूळ त्या काळात आहे.

योगायोग असा की त्याच मेयो क्लिनिकमध्ये, त्याच १९४८ साली, फिलिप हेंच यांनी सांधेवाताच्या एका रुग्ण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. हे एक स्टेरॉईड औषध. १९५० साली हेंच आणि त्यांच्या दोन सहशोधकांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. ल्युपसच्या रुग्णांनाही ते लवकरच मिळू लागलं आणि सूज झपाट्यानं उतरू लागली. तोवर परिस्थिती किती वाईट होती? जॉन्स हॉपकिन्समधल्या मार्गारेट मेरेल या संख्याशास्त्रज्ञ बाई आणि लॉरेन्स शुलमन या डॉक्टरांनी १९५५ साली हिशोब मांडला. निदान झाल्यापासून चार वर्षांनी साधारण निम्मेच रुग्ण हयात होते. आज श्रीमंत देशांत, चांगली देखरेख असेल तर, दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊच्या आसपास जणी हयात असतात. हा फरक औषधांनी, चाचण्यांनी आणि नियमित तपासणीनं पडला.

दुसरं औषध आपल्या जुन्या ओळखीचं. हिवतापावर पूर्वी कोयनेल देत, आठवतं? १८९४ साली लंडनमध्ये पेन नावाच्या डॉक्टरांनी ल्युपसवर कोयनेल वापरून पाहिलं होतं. १९५१ साली तिथल्याच पेज यांनी हिवतापाच्या दुसऱ्या औषधाचा गुण आल्याचं लिहिलं. १९५५ साली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन बाजारात आलं, आणि आज ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना तीच गोळी रोज घ्यावी लागते. करोनाच्या सुरुवातीला, २०२० च्या मार्चमध्ये, याच गोळीसाठी मेडिकलवर झुंबड उडाली होती. ज्यांचं रोजचं जगणं या गोळीवर चालतं त्यांना तेव्हा ती शोधत फिरावं लागलं.

स्टेरॉईडनं जीव वाचले, पण हृदयाची गोष्ट तिथे संपली नाही. १९७५ साली बर्नडीन हीली या तरुण डॉक्टर बाईंनी विल्यम रॉबर्ट्स यांच्याबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा त्या बल्कली हे आडनाव लावत. ल्युपसनं गेलेल्या ३६ जणांची हृदयं त्यांनी तपासली आणि स्टेरॉईडच्या आधीच्या काळातल्या नोंदींशी ताडून पाहिली. जुन्या गाठी आणि सूज कमी झाल्याचं दिसलं. पण नवंच संकट उभं होतं. वर्षाहून जास्त काळ स्टेरॉईड घेतलेल्या १९ जणांपैकी ८ जणांच्या हृदयाची निदान एक मुख्य रक्तवाहिनी निम्म्याहून जास्त अरुंद झाली होती. वर्षाहून कमी काळ औषध घेतलेल्या १७ जणांत असा एकही नव्हता. शिवाय रक्तदाब वाढून कित्येकांच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्या होत्या. स्नायूला सूज आली तर तो दुबळा होतोच. पण त्याला रक्त पोचवणारी वाट बुजली किंवा वर्षानुवर्षं रक्तदाबाशी झुंजावं लागलं, तरीही तो दुबळा होतो.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, कॅनडातल्या टोरांटोमध्ये मरे उरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा मागोवा छापला. त्यातले ११ जण गेले. सहा जण पहिल्या वर्षातच, आजार जोरात असताना किंवा जंतुसंसर्गानं गेले. उरलेले पाच सरासरी आठ-नऊ वर्षांनी गेले. तेव्हा त्यांचा ल्युपस शांत होता, पण हृदयविकारानं गाठलं होतं. ल्युपसचं हृदयावरचं संकट दोनदा येतं, एकदा सुरुवातीला सुजेच्या रूपात आणि एकदा खूप नंतर, सगळं ठीक आहे असं वाटत असताना. १९९७ साली अमेरिकेत सुझन मांझी यांच्या गटानं ल्युपस असलेल्या जवळपास ५०० बायकांची तुलना इतर बायकांशी केली. ३५ ते ४४ या वयात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण ल्युपस असलेल्या बायकांत ५० पटींहून जास्त निघालं. या वयातल्या बाईला झटका येईल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि उशीर होतो तो त्यामुळेच.

बर्नडीन हीली यांचं पुढचं काम आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. १९९१ साली त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. त्याच वर्षी त्यांनी एक छोटा लेख लिहिला. येंटल ही एका कथेतली मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती मुलाचा वेश घेते. हीली म्हणाल्या की हृदयाच्या दवाखान्यात बाईचं तसंच होतं. तिचा आजार पुरुषासारखा दिसेल तेव्हाच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. तोवर तिच्या दुखण्याला कुणी हृदयाचं दुखणं म्हणत नाही. ल्युपसनं गेलेल्यांची हृदयं तरुणपणी तपासलेल्या डॉक्टर बाईनं हे लिहावं, याला आम्ही मोठा अर्थ मानतो.

आज मात्र हृदय पाहायला मरणाची वाट पाहावी लागत नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एड्लर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पाहिलं. आज आपण ज्याला टू-डी एको म्हणतो ती तपासणी त्यातूनच आली. ती दुखत नाही, सुई लागत नाही, आणि स्नायू किती जोरानं आकसतो ते पडद्यावर दिसतं. ईसीजी तर तालुक्याच्या दवाखान्यातही निघतो. स्नायूला इजा झाली असेल तर रक्तात ट्रोपोनिन वाढतं. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हृदयाच्या एमआरआयनं स्नायूतली सूज आणि व्रण न कापता दिसू लागले. शंका राहिली तर मोठ्या रुग्णालयात स्नायूचा बारीक तुकडा काढूनही तपासतात. सूज वेळेत सापडली तर जास्त ताकदीची स्टेरॉईड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं देतात, आणि अनेक जणींच्या हृदयाचा जोर परत येतो.

मग मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण घ्यायचं काय?

ल्युपस असलेल्या बाईला नेहमीच्या कामात नव्यानं धाप लागू लागली, आडवं झालं की श्वास अपुरा पडतो, छातीत धडधडतं किंवा दुखतं, पावलं सुजतात, ताप नसतानाही नाडी जोरात चालते, तर ते अशक्तपणावर ढकलू नका. टॉनिक आणि सलाईन घेऊन घरी बसू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, "मला ल्युपस आहे, हृदय तपासायला हवं का?" छातीत एकदम कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा, वय तीस असलं तरी.

स्टेरॉईडची गोळी मनानं वाढवू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका. दोन्हींत जिवाला धोका आहे. बरं वाटलं म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सोडू नका. क्वचित ही गोळीही डोळ्याला किंवा हृदयाच्या स्नायूला त्रास देते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करून घ्या. दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. काही आयांच्या रक्तातली प्रथिनं बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, आणि ते आधी कळलं तर बाळावर लक्ष ठेवता येतं. आजार शांत असला तरी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवी तपासत राहा. घरात तंबाखू किंवा मिशेरी असेल तर ती सोडायला हेही एक कारण आहे.

आणि घरच्यांसाठी एक सांगणं. ल्युपस असलेली बाई बाहेरून बरी दिसते. चट्टे गेले, केस पुन्हा आले, मग हिला झालंय काय, असं आपण सहज बोलून जातो. हृदयाचा स्नायू बाहेरून दिसत नाही. दमले असं ती म्हणाली, तर तिच्या हातातली कळशी घ्या आणि तिला तपासायला न्या.

आज इतकंच. तुमच्या गावात कुणाला हा आजार असेल तर हा भाग तिला जरूर ऐकवा किंवा वाचून दाखवा. तुमचे प्रश्न आम्हाला कळवा, डॉक्टरांना विचारून उत्तरं देऊ.